विशेष्य गाळल्यावर

आमची ताई अंध मुलांच्या एका निवासी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि नाना, म्हणजे आमच्या आईचे धाकटे बंधू, जिल्हा न्यायालयात भाषांतरकाराच्या जागेवर उभी हयात घालवून निवृत्त झाले आहेत. एकीचा दिवस शब्द शिकवण्यात जातो आणि दुसऱ्याचा जन्म शब्दांचा तर्जुमा करण्यात गेला. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत ही दोघे एका ओटीवर बसली म्हणजे कुठल्या तरी शब्दावरून वाद झाल्यावाचून सहसा उठत नाहीत. यंदाचा वाद मात्र चहाबरोबर निघून चहाबरोबर संपला नाही. तो तीन दिवस चालला, आणि ज्या एका वाक्यावरून तो निघाला ते वाक्य अजूनही माझ्या मनातून गेलेले नाही.

ताईच्या मांडीवर ब्रेलच्या जाड कागदांचा गठ्ठा होता. सहामाहीचे निबंध, विषय ‘माझा वर्ग’. ताई डोळस आहे, पण ब्रेल ती मुलांप्रमाणे बोटांनीच वाचते, कारण मूल लिहिताना कुठे थबकले, कोणता ठिपका त्याने दाबून टोचला आणि कोणता भीतभीत, हे डोळ्यांना कळत नाही असे तिचे म्हणणे. वाचता वाचता तिचे बोट एका ओळीवर थांबले, मागे गेले आणि पुन्हा त्याच ओळीवरून फिरले. मग तिने ती ओळ मोठ्याने वाचली : “आय ॲम अ ब्लाइंड. देअर आर ट्वेल्व्ह ब्लाइंड्स इन माय क्लास.”

“चूक आहे,” नाना म्हणाले, “पण चुकीमागचा विचार चुकलेला नाही. मुलाने मनात ‘मी आंधळा आहे, आमच्या वर्गात बारा आंधळे आहेत’ असे मराठी वाक्य जुळवले आणि त्याचा शब्दशः तर्जुमा केला. मराठीत ‘आंधळा’ हे विशेषण आहे आणि नामही आहे. ‘आंधळा माणूस’ म्हणा किंवा नुसते ‘आंधळा’ म्हणा, कोणी अडवीत नाही. त्या शब्दाच्या शेवटच्या ‘आ’मध्ये तो पुरुष आहे आणि एकटा आहे ही दोन्ही माहिती साठवलेली असते; ‘आंधळी’ म्हटले की बाई, ‘आंधळे’ म्हटले की अनेक. विशेष्य गाळले तरी त्याची खूण विशेषणाच्या अंगावर राहते. इंग्रजीच्या विशेषणावर अशी कोणतीच खूण नाही; म्हणून त्याला ‘मॅन’, ‘पर्सन’ किंवा निदान ‘वन’ असा टेकू द्यावा लागतो. इंग्रजी वैयाकरणही त्या ‘वन’ला टेकूचाच शब्द म्हणतात.”

“ते मी वर्गात शिकवतेच, नाना. पण ‘ब्लाइंड्स’ या शब्दाचा इंग्रजीत अर्थ काय होतो, ते तुम्हांला ठाऊक आहे. खिडकीवर लावतात ते पट्ट्यांचे पडदे. म्हणजे या मुलाच्या वाक्याचा खरा अर्थ, आमच्या वर्गात बारा पडदे आहेत, असा झाला. हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?”

नाना काही वेळ बोलले नाहीत. या वादात ते निरुत्तर झाले असा तो एकच क्षण मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायला लागले ते आधी इतिहासाचा आधार घेऊन. न्यायालयात मोडी दस्तऐवजांपासून इंग्रजी निवाड्यांपर्यंत सर्व प्रकारचे मजकूर हाताखालून गेल्यामुळे, कोणताही नियम कोठून आला हे पाहिल्यावाचून तो मानायचा नाही, अशी त्यांची वृत्ती बनली आहे. ते म्हणाले, “हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तुझ्या विद्यार्थ्याचे वाक्य बसले असते. त्या काळी इंग्रजी विशेषणांना लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही होती. ‘से ब्लिंदा’ म्हणजे तो आंधळा आणि ‘था ब्लिंदन्’ म्हणजे ते आंधळे. पुढे उच्चारात शब्दांचे शेवट झिजत गेले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे चॉसरच्या लिखाणात, त्या सगळ्या थाटापैकी शेवटचा एक दुबळा ‘ए’ तेवढा उरलेला दिसतो, आणि त्याच्यानंतर तोही गेला. आज जे ‘द ब्लाइंड’, ‘द पुअर’, ‘द डेड’ आपण म्हणतो, ती त्या जुन्या अनेकवचनाची, प्रत्यय गळून गेलेली मूर्ती आहे. म्हणून तिच्यापुढे क्रियापद अनेकवचनी येते, आणि म्हणूनच तिला नवा ‘एस’ लावला की इंग्रजाच्या कानाला खटकते. जे आधीच अनेक आहे त्याला पुन्हा अनेक करता येत नाही.”

“मग ‘क्रिमिनल्स’, ‘नेटिव्ह्ज’, ‘नोबल्स’, ‘ख्रिश्चन्स’ यांना ‘एस’ कसा लागतो? तीही मुळात विशेषणेच.”

“ती बहुतेक लॅटिन आणि फ्रेंच घराण्यांतून आलेली. लॅटिनमध्ये नाम आणि विशेषण यांच्यात आपल्या संस्कृतप्रमाणेच भिंत नव्हती. पाणिनीच्या हिशेबी दोन्ही सुबन्तच. ‘वृद्ध’ म्हणजे म्हातारा झालेला आणि ‘वृद्ध’ म्हणजे म्हातारा माणूस, यांची रूपे एकच चालतात. नाम आणि विशेषण यांचे निरनिराळे खाते उघडण्याची वहिवाट मराठीत दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून, इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर रुजली. तेव्हा त्या परकीय विशेषणांनी इंग्रजीत पाऊल टाकले तेच दोन्ही अधिकार बरोबर घेऊन.”

येथे नानांच्या बोलण्याला जो रंग चढला तो मला फार आवडतो, म्हणून थोडा थांबतो. एखादे विशेषण नाम केव्हा होते, याचे त्यांनी दिलेले उत्तर एकाही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही. ते म्हणाले की, बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना गाळलेली वस्तू सांगितल्यावाचून कळू लागली, म्हणजे विशेषणाला नामाची सनद मिळते, आणि अनेकवचनाचा प्रत्यय हा त्या सनदेवरचा शिक्का. मोटारीचा कंडक्टर ‘सुटे द्या’ म्हणतो. ‘पैसे’ हा शब्द त्याला उच्चारावा लागत नाही. स्वयंपाकघरात ‘तिखट’ म्हणजे चव राहिलेलीच नाही, ती डब्यातली मिरचीची पूड झाली. पुण्यात ‘अमृततुल्य’ या सामासिक विशेषणाने चहाला बाजूला सारून थेट दुकानाचे नाव धारण केले, आणि आज लोक ‘कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात भेटू’ असे म्हणतात. इंग्रजांनीही ‘व्हॅल्युएबल्स’, ‘ईटेबल्स’, ‘पेरिशेबल्स’ हे शब्द याच न्यायाने केले. प्रवासात वस्तू, बाजारात पदार्थ, गुदामात माल हे उघडच असते. क्रिकेटमधल्या अवांतर धावांना ते ‘एक्स्ट्राज’ म्हणतात, टेनिसच्या एकेरीला ‘सिंगल्स’. आपण तर त्यांची विशेषणे उचलून त्यांच्यापेक्षा पुढे गेलो. इंग्रजाला औषधाच्या दुकानासाठी ‘मेडिकल’ हा एकटा शब्द कळणार नाही, पण मराठी घरात ‘मेडिकलमधून गोळ्या आण’ म्हटल्यावर कोणाला शंका येत नाही.

“आणि ‘न्यूज’?” ताईने विचारले. तिच्या शाळेतील एका सहकाऱ्याने मुलांना हा शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या चार दिशांच्या आद्याक्षरांपासून झाल्याचे शिकवले होते.

“त्या व्युत्पत्तीला काडीचा आधार नाही, आणि ती मुलांना सांगू नये. ‘न्यू’ म्हणजे नवे, ‘न्यूज’ म्हणजे नवी; फ्रेंचमधल्या ‘नूव्हेल’च्या धर्तीवर विशेषणाला ‘एस’ लागून झालेला शब्द. शतकानुशतके तो अनेकवचनी चालला, आता एकवचनी चालतो. आपल्या पेशवे दप्तरात ‘अखबार’ आहे, तोही अरबीत ‘खबर’चे अनेकवचन, आपण मात्र ‘एक अखबार आला’ असे लिहीत होतो. आणि ‘गरीबगुरबा’ घे. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी, हे विशेषण, आणि ‘गुरबा’ हे त्याचेच अनेकवचन. आपण एकवचन आणि अनेकवचन शेजारी बसवून जोडशब्द केला, आणि त्यालाही पुन्हा मराठी प्रत्यय लावून ‘गरीबगुरब्यांना’ म्हणतो. ‘अमीरउमराव’ची घडण तीच. तेव्हा तुझ्या त्या मुलाने जे केले ते भाषांनी नेहमीच केले आहे. त्याच्या हातून घडले ते एवढेच, की ज्या शब्दाला इंग्रज लोकांनी सनद दिलेली नाही त्याला त्याने दिली.”

ताईने हे सारे ऐकून घेतले. मग ती जे म्हणाली, ते ती अनेक वर्षे मनात बाळगून असावी.

“नाना, तुमचे म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. गाळलेली वस्तू सांगितल्यावाचून कळते, असे तुम्ही म्हणता. ‘सुटे’ म्हटल्यावर पैसे गळाले तर बिघडत नाही. पण ‘आंधळा’ म्हटल्यावर जे गळते तो माणूस असतो. माझ्या वर्गात एक मुलगा तबला वाजवतो, एक रात्री घर आठवून रडतो, एकाला गणिताशिवाय काही सुचत नाही. ‘आंधळे’ म्हटले की ते बाराही जण एकाच गुणाचे होऊन बसतात. विशेषण नामाच्या पुढे असते तोवर ते अनेक विशेषणांपैकी एक असते, त्याच्या शेजारी दुसऱ्याला जागा असते. तेच नाम झाले की सबंध घर त्याचे. इंग्रजीने ‘अ ब्लाइंड’ असे म्हणायला बंदी घातली, यात मला इंग्रजीचा अडाणीपणा दिसत नाही, उपकार दिसतो. आपल्या कायद्यानेही हेच ओळखले. १९९५ चा आणि त्यानंतर २०१६ चा, दोन्ही कायदे ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’ म्हणतात. व्यक्ती आधी, मग अपंगत्व.”

“आणि ‘द ब्लाइंड’?”

“तेही मला नको. त्या ‘द’मध्ये सगळे एका गोणीत भरल्यासारखे होतात. ‘एस’ लागला असता तर निदान मोजता तरी आले असते.”

ही शेवटची गोष्ट ती सहज बोलून गेली, पण माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. ‘क्रिमिनल्स’ एक, दोन, तीन असे मोजता येतात. ‘द पुअर’ मोजता येत नाहीत. ‘थ्री पुअर’ असे इंग्रजीत होत नाही. पहिला प्रकार सुटी माणसे देतो, दुसरा त्यांचा समुदाय. मराठी विद्यार्थी ‘पुअर्स’ लिहितो तेव्हा त्याला तो समुदाय नको असतो, त्याला दारात उभी असलेली दोन-चार माणसे हवी असतात. कारण मराठीत ‘गरिबांना’ या एका रूपात समुदायही येतो आणि दारातली माणसेही येतात. हा फरक अर्थाने समजावून द्यायचा सोडून, अमक्या शब्दाला ‘एस’ लागतो आणि तमक्याला लागत नाही अशा याद्या आपण पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेत आलो, ही आपल्या इंग्रजी शिक्षणातली मोठी उणीव आहे.

समुदायाच्या या अडचणीचा नानांना प्रत्यक्ष अनुभव होता. मारामारीच्या एका खटल्यात ‘स्टेटमेंट ऑफ द इंजर्ड’ असा इंग्रजी मथळा त्यांच्यापुढे आला. याचे मराठी ‘जखमीचा जबाब’ की ‘जखमींचा जबाब’? इंग्रजी शब्द दोहोंना सारखाच. ‘द अक्यूज्ड’ आणि ‘द डिसीज्ड’ यांचीही तीच गत. खाली सही एकच होती, पण दाखले तीन माणसांचे जोडलेले होते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लावायचा म्हणजे वचन सांगितल्यावाचून सुटका नाही. नानांनी तर्जुमा अर्धवट ठेवला, शिरस्तेदारांकडून मूळ कागद मागवले आणि जबाब एकाच माणसाचा असल्याची खात्री झाल्यावर मगच ‘जखमीचा’ असे लिहिले. “एका अनुस्वारावर,” ते म्हणाले, “दोन माणसे साक्षीदार ठरली असती, ज्यांनी तोंडही उघडले नव्हते.”

तिसऱ्या दिवशी मात्र नानांनी ताईच्या मुद्द्यालाच हात घातला, आणि तो व्याकरणाने नव्हे.

“तुला माणूस गळतो याची भीती वाटते. मग मला सांग, सरकारी इंग्रजीत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असा शब्दप्रयोग होता. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत मिशन काढले त्याच्याही नावात तो होता. त्यात विशेष्य आहे, टेकू आहे, सर्व काही व्याकरणशुद्ध आहे. पण त्यात कोणाचा मान राहिला? मराठीत त्याच संस्थेला ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ म्हणत. निराश्रित, म्हणजे ज्याला आश्रय नाही तो. वर्णन दुसऱ्याने केलेले, करुणेने का होईना. आता बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. १९२० साली पाक्षिक काढले, नाव ‘मूकनायक’. मूक हे विशेषण. पण त्या समासात ते नाम आहे, मुक्यांचा नायक. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. १९४८ मध्ये इंग्रजी ग्रंथ, ‘द अनटचेबल्स’. विशेषण, त्याला ‘एस’, आणि ‘पीपल’चा टेकू कोठेही नाही. ते कोण होते आणि अस्पृश्य का झाले, हा प्रश्नच त्यांनी ग्रंथाच्या नावात घातला. ज्या शब्दाने समाज त्यांना दूर ठेवीत होता तोच शब्द त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ‘दलित पँथर’ काढली तेव्हा ‘दलित’ हे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे दळलेले, भरडलेले, एका पिढीचे ताठ मानेचे नाम झाले. त्यांना ‘दलित व्यक्ती’ म्हणून त्यांचा मान वाढवायला तू कोण आणि मी कोण?”

ताई गप्प राहिली, पण नानांचे संपले नव्हते.

“तुझ्याच क्षेत्रातला दाखला देतो. अमेरिकेत १९४० साली अंधांनी स्वतः स्थापन केलेला संघ आहे, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड. त्यांनी १९९३ मध्ये रीतसर ठराव करून सांगितले की, आमच्या आधी ‘पर्सन’ लावून आमचे अंधत्व वाक्याच्या मागच्या दाराने नेऊ नका. अंध असण्यात लपवण्यासारखे काही नाही. आपल्याकडे १९५२ पासून मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे. एका नावात ‘ऑफ’ आहे, एका नावात ‘फॉर’. मला विचारशील तर ‘द ब्लाइंड’ या शब्दापेक्षा त्याच्या मागचे हे अव्यय अधिक बोलके आहे.”

“पण सगळ्यांचेच तसे मत नाही, नाना,” ताई हळूच म्हणाली. “२०२३ च्या जानेवारीत असोसिएटेड प्रेसने पत्रकारांना सांगितले होते, ‘द पुअर’, ‘द डिसेबल्ड’ असे सरसकट शब्द माणसातले माणूसपण काढून घेतात, ते टाळा.”

“आणि त्या यादीत ‘द फ्रेंच’ही घातले होते! फ्रेंच लोकांना फ्रेंच म्हणण्यात त्यांचे कोणते माणूसपण गेले? टीका झाली, आणि त्यांना तो संदेश मागे घेऊन यादीतून ‘द फ्रेंच’ वगळावे लागले. नियम सरसकट केला की असे होते.”

“ते उदाहरण चुकले म्हणून बाकीचे चुकले असे होत नाही. फ्रेंच माणसाला त्या नावाने कोणी पायरीवर थांबवलेले नाही. माझ्या मुलांना थांबवले आहे.”

या वाक्यावर नानांनी मान डोलावली. ती हार मानल्याची नव्हती. पुराव्याचा कागद रुजू झाल्यावर वकील जशी डोलावतो तशी होती.

मी या दोघांचा भाचा आणि भाऊ. न्याय देण्याचा अधिकार मला नाही. तरीही मला जे वाटले ते लिहितो. शब्दाच्या मागे विशेष्य आहे की नाही, यावर माणसाचा मान ठरत नाही, इतके नानांनी माझ्यापुरते सिद्ध केले. पण तो शब्द कोणी उच्चारायला प्रारंभ केला, यावर तो ठरतो, ही गोष्ट त्यांच्याच दाखल्यांतून निघते, आणि ती ताईच्या बाजूची आहे. ‘दलित’ हे नाम ज्यांचे होते त्यांनी घेतले. ‘आंधळा’ हे नाम त्या बारा मुलांना दिले गेले, बहुधा गावातल्या पाटी-खडूच्या शाळेत, त्यांचे नाव हजेरीपटावर असताना. त्या मुलाने ‘आय ॲम अ ब्लाइंड’ लिहिले ते व्याकरणाच्या अज्ञानामुळे, हे खरे. पण मराठीत जे वाक्य त्याच्या मनात आधी आले ते त्याने कोणाकडून तरी ऐकले असणार.

संध्याकाळी ताईने नानांना विचारले, “मग मी दुरुस्ती कोणती करू?” नाना म्हणाले, “दुरुस्ती करू नकोस. इंग्रजीत जितकी शुद्ध वाक्ये होतात तितकी त्याला वाचून दाखव. ‘आय ॲम ब्लाइंड’, ‘अ ब्लाइंड बॉय’, ‘ब्लाइंड पीपल’, ‘द ब्लाइंड’. प्रत्येकात काय राहते आणि काय गळते ते सांग. ‘ब्लाइंड्स’चा अर्थही सांग, त्याला तो कधीतरी कळणारच आहे, तुझ्या तोंडून कळलेला बरा. निवड त्याला करू दे.”

सुट्टी संपल्यावर ताईने तसे केले. ब्रेलच्या कागदावर तांबडी शाई चालत नाही, त्यामुळे प्रत्येक चूक तिला मुलाशेजारी बसून बोलूनच सांगावी लागते. त्या दिवशी ती अर्धा तास त्याच्याशी बोलत होती असे तिने मला पत्रात कळवले आहे. पडद्यांची गोष्ट त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग पाटीत नवा कागद अडकवून त्याने टोचणीने उजवीकडून डावीकडे ओळ टोचली, आणि कागद उलटा करून तिच्या हातात दिला. तिने बोट फिरवले.

“देअर आर ट्वेल्व्ह बॉइज इन माय क्लास. वुई आर ब्लाइंड.”

‘बॉइज’ हा शब्द नानांनी सुचवला नव्हता, ताईनेही नाही. तिने त्या निबंधाला पैकीच्या पैकी गुण दिले.